पोरं बिघडतात ती संगतीनं, की घरामुळे?

डिचोलीकर:
दहावीतल्या पोराच्या बॅगेत व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं की पालकांचं एकच, 'आमचा तसा नाय हो, संगत वाईट'. ई-सिगारेटवर 2019 पासून देशभर बंदी आहे, तरी ती पोरांपर्यंत पोचते मोठ्या मुलांकडूनच, मान्य. पण त्याच्या आधी घरात काय बघितलं त्यानं? गणेश चवथीचे दिवस सोडले तर पाहुणे आले की बाटली निघते, काजूच्या सीझनला हुर्राक (काजूची ताजी दारू) आला की बाप सांगतो 'जा रे, लिम्का घेऊन ये', आणि कोणतरी काका लाडानं घोटभर पाजतो पण. मोठं होणं म्हणजे हे, असं पोरगं तिथंच शिकतं.

म्हापशाची माई:
अजिबात पटलं नाही. माझे बाबा रोज फेणी घ्यायचे, आम्ही भावंडांनी कोणी हात लावला नाही. आता वेगळं आहे, बर्थडेला बीचवर जातात, स्टोरी टाकतात, 'मी नाय घेत' म्हटलं की पुढच्या वेळी बोलवतच नाहीत. नववीतलं पोरगं बापाला घाबरत नाही, एकटं पडायला घाबरतं. आणि शाळेपासून 100 यार्डात तंबाखू विकायची नाही हा 2003 चा कायदा, गाडे मात्र तिथंच.

डिचोलीकर:
माई, कायदाच काढला म्हणून सांगतो, बाल न्याय कायद्याचं कलम 77 बघा. अठराच्या खालच्या मुलाला दारू किंवा तंबाखू दिली तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. ते फक्त गाडेवाल्याला नाही, लाडक्या काकाला पण लागू आहे.

मास्तर, फोंडा:
वर्गात रोज बघतो म्हणून लिहितो. संगत पोराला बिघडवते तसं पोरगं पण आपल्यासारखीच संगत शोधतं, घरी भांडणं, अभ्यासात मागे, मग जिथं कोणी हिणवत नाही तिथं जाऊन बसतं. आणि प्रत्येकाला वाटतं सगळेच घेतात, खरं तर न घेणारे जास्त असतात पण ते गप्प बसतात. अशा पोराला सस्पेंड केलं की तो दिवसभर बाहेरच्या मोठ्या पोरांच्याच ताब्यात, म्हणून माझा सस्पेन्शनला विरोध आहे.

म्हापशाची माई:
सर, मग त्याला माझ्या मुलीच्या बाजूला बसवायचं? तिची काळजी कोणी करायची?

मास्तर, फोंडा:
ताई, शाळेतच ठेवा पण काउन्सिलरकडे रोज पाठवा, पालकांना पण बोलवा. घरच्यांना शाळेत सांगायला लाज वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे.

म्हापशाची माई:
काउन्सिलर ठीक, पण गाडा हलल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. पुढच्या पालक सभेत तोच विषय पहिला घेणार.

डिचोलीकर:
घ्या, मी पण सही करतो. फक्त त्याच सभेत बापांना पण विचारा, लिम्का आणायला कोणाला पाठवता ते.