पाच जूनचं वृक्षारोपण: ५०० खड्डे, ४० ब्रास माती, टँकर शून्य

खोडकिडा

परवा इथे एक लेख वर आला होता. सोसायट्यांच्या पर्यावरण गटांनी ५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनी, काय करावं, त्याची यादी: सकाळी ५०० रोपं, मग हजार सीड बॉल (बिया घातलेले मातीचे गोळे), अकराच्या आत किनारा सफाई, शेवटी पोहे आणि ग्रुप फोटो. खाली ‘स्तुत्य उपक्रम’चा पाऊस. तिथेच प्रतिसाद द्यायला बसलो, तो फुगत गेला, म्हणून वेगळा धागा.

आधी तारीख. मुंबईत मोसमी पाऊस पोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणजे पाच तारखेला रोप जाणार तापलेल्या कोरड्या मातीत, आणि पुढचा आठवडा त्याला कुणी पाणी घालणार नाही, कारण ‘आता काय, पाऊस येईलच’.

आता खड्डा. पाच-सहा फुटी रोपाला २ बाय २ बाय २ फूट हे कमीत कमी. ८ घनफूट. पाचशे खड्ड्यांचे ४,००० घनफूट, म्हणजे ४० ब्रास. मुंबईत रस्त्याकडेची जमीन बहुतेक भरावाची: वर चार बोटं माती, खाली राबिट (पाडकामाचा राडारोडा), लादीचे तुकडे, सिमेंटचे गोळे. ते ४० ब्रास पहारीने काढायचं, डंपरने बाहेर टाकायचं आणि तेवढीच लाल माती आत आणायची. टीशर्ट घातलेली शंभर माणसं हे दोन तासांत करत नसतात. मग होतं काय, तर एक फुटाचा खळगा, त्यात पिशवीसकट रोप, वर मातीचा ढीग. पिशवी फाडायची राहिली की मुळं आत गोल गोल फिरत राहतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात पहिल्या वादळाला झाड मुळासकट आडवं होतं. ढीग खोडावर चढवला की साल कुजते. खोड जिथे मुळाला मिळतं तो भाग जमिनीच्या पातळीला हवा. ही एवढी गोष्टसुद्धा त्या लेखात नव्हती.

आणि पाणी. ऑक्टोबर ते मे रोपाला आठवड्यातून दोनदा १५ लिटर. पाचशे रोपांचे आठवड्याला १५,००० लिटर. ३५ आठवड्यांचे सव्वापाच लाख, म्हणजे १०,००० लिटरचे ५२ टँकर. हे फक्त पहिल्या वर्षाचं. यादीत टँकर हा शब्द शोधून दाखवा.

बी_विंग_सेक्रेटरी

तो लेख माझा नाही, पण असे कार्यक्रम भरवतो, त्यामुळे टोपी मला बसली असं समजा.

खोडकिडा, गणित सुंदर आहे. फक्त एक सांगा, त्या ५२ टँकरचे पैसे कोण देतं? ‘६० रोपं, दोन वर्षं निगा’ असं पत्र घेऊन गेलं की कंपनीतला माणूस चहा पाजून परत पाठवतो. ‘५०० वृक्ष, ५ जून’ म्हटलं की बॅनरचे पैसे येतात आणि त्याच बॅनरच्या पैशातून पुढे टँकर, बांबू, सुतळी निघते. हा दिवस १९७३ पासून साजरा होतोय. साहेब लोक त्याच दिवशी येतात, पहिल्या पावसाच्या मुहूर्तावर येत नाहीत.

खड्ड्यांचं म्हणाल तर ते मे महिन्यातच मजुरांकडून काढून घेतात. पंधरा-वीस दिवस ऊन खाल्लं की मातीतली कीड मरते. मग भरताना दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं खत, दोन मुठी निंबोळी पेंड. आम्ही काय नखांनी उकरतो असं वाटलं का?

गच्चीमाळी

रोपांवर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. सीड बॉलवर कुणी का बोलत नाही?

जांभळाचं बी सुकलं की मेलं. ताज्या फळातून काढून थोड्या दिवसांत लावलं तरच रुजतं. लोक गेल्या वर्षीच्या बिया मातीत गुंडाळून, पुन्हा उन्हात वाळवून, खोक्यात भरून ठेवतात. ती मढी आहेत, बिया नाहीत. बहाव्याचं उलट. बी टिकतं, पण कवच इतकं टणक की घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय लवकर रुजत नाही. तेही कुणी करत नाही. यात हमखास उगवतं ते सुबाभूळ, जे उगवू नये. आणि हे बॉल राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत भिरकावणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: तिथल्या जंगलाने तुम्हाला बोलावलेलं नाही.

तिवर

किनारा सफाईबद्दल. ‘अकराच्या आत’ हे कुठल्या पंचांगातून काढलं? वेळ ओहोटी ठरवते, पोहे ठरवत नाहीत. ओहोटीच्या आधी दीड तास उतरायचं आणि पाणी फिरलं की बाहेर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरच्या ओहोटीला भरतीरेषेवर कचऱ्याचा सरळ पट्टा मिळतो, तेव्हा दाताळ्याने काम पटापट होतं.

काळ्या पिशव्या नकोत. ओली वाळू भरली की बूड फाटतं आणि कचऱ्यात पिशवीची भर. गोणी घ्या, अर्धीच भरा, उचलण्याआधी वाळू झटका. वाळूत रुतलेलं जाळं ओढू नका, कडेने खणून कापा. मर्यादवेल ‘रान’ समजून उपटू नका, वाळू तीच धरून ठेवते. आणि जेसीबी तर नकोच, तो अर्धं प्लास्टिक आणखी खाली दाबतो.

खारफुटीत दोनशे माणसं घुसवणारे गट वेगळेच. चिखलातून वर आलेली बोटभर टोकं म्हणजे झाडाची श्वास घ्यायची मुळं. ती बुटांखाली तुडवून चिप्सची पाकिटं वेचायची. पांढरी चिप्पी २०२० मध्ये राज्याचं कांदळवन वृक्ष झाली, तिच्याच मुळांवर उभं राहून फोटो! तिथे काठावरूनच, लांब आकड्याने, दहा जण पुरे.

बी_विंग_सेक्रेटरी

म्हणजे झाडं लावू नका, बिया टाकू नका, समुद्रावर जाऊ नका. घरी बसून धागे काढा. छान.

वर्सोव्याच्या किनारा सफाईचं काय मग? तिथेही सामान्य माणसंच होती ना?

तिवर

होती. ऑक्टोबर २०१५ पासून, आठवड्यामागून आठवडे. मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. मधली अडीच वर्षं मोजा आणि मग ‘५ जून, अकराच्या आत’ हे पुन्हा वाचा. माझा विरोध माणसांना नाही, कॅलेंडरला आहे.

शेणामाती

अवांतर करतो, माफ करा. सेक्रेटरीसाहेब, ते ‘कुजलेलं खत’ कुठून आणता? सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या मशीनमधून असेल तर ती रोपं टँकरआधीच गेली म्हणून समजा.

बी_विंग_सेक्रेटरी

हो, मशीनचंच. २४ तासांत तयार होतं. १२० फ्लॅट, वासाची तक्रार नाही. त्यात काय वाईट?

शेणामाती

वास नाही कारण ते खत नाही. मशीन कचरा तापवतं, दळतं, पाणी उडवतं. बाहेर येते ती वाळलेली भाजी. तपकिरी, भुसभुशीत, कॉफीसारखा वास, पाहणाऱ्याला वाटतं सोनं. मूठभर घ्या, पाणी शिंपडून बरणीत झाकण लावून तीन दिवस ठेवा. झाकण उघडाल तेव्हा पांढरी बुरशी आणि आंबूस भपकारा. तेच तुम्ही मुळाशी घालताय. तिथे ते नव्याने कुजायला लागतं, गरम होतं, मातीतला नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं. दुसरी परीक्षा मोहरीची: खतात दहा दाणे, नुसत्या मातीत दहा दाणे, चार दिवसांनी कुठे किती उगवले ते मोजा.

मशीन फेकून द्या म्हणत नाही. बाहेर आलेला माल ओलसर करून जाळीच्या टाकीत पंधरा-वीस दिवस मुरवा, मग वापरा. पण ती टाकी असेल तर मशीनची वीज कशाला जाळायची, हा प्रश्न तुमच्या कमिटीला विचारा.

बी_विंग_सेक्रेटरी

टाकी होती आधी. ऑगस्टमध्ये घाण वास, पाणी वाहतंय, वळवळणाऱ्या अळ्या. पहिल्या मजल्याने सह्यांचं पत्र दिलं. म्हणून मशीन. फुकट सल्ला देणं सोपं असतं हो.

शेणामाती

ऑगस्टच. मुंबईतल्या टाक्या ऑगस्टमध्येच मरतात, कारण ओल्या कचऱ्यात मिसळायचा पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो आणि तेव्हा सोसायटी तो कचरागाडीत देऊन टाकते.

हिशेब करा. घरटी पाऊण किलो ओला कचरा धरला तर १२० घरांचा रोज ९० किलो, एक दोनशे लिटरी ड्रम. त्यात पाऊणपट पाणीच असतं. त्याला वजनाने एक तृतीयांश कोरडा पाला हवा, म्हणजे रोज ३० किलो. पावसाचे चार महिने म्हणजे साडेतीन टन पाला. तो उन्हाळ्यात कुटून, गोणीत भरून, जिन्याखाली किंवा पंपरूममागे कोरडा ठेवला नाही तर ऑगस्टमध्ये तुमच्याकडे फक्त भाजीचा लगदा आहे. जागा नसेल तर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा, नाहीतर सुताराकडचा भुसा. प्लायवूडचा नाही, त्यात डिंक असतो. खत चाळल्यावर उरलेला जाड चुराही परत टाकता येतो, तो तर फुकट आहे.

ढिगातून मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले, बरोबर. मनगटावर ओघळ आला, पाला कमी. मूठ उघडल्यावर गोळा फुटला, पाणी कमी. नाकाला झोंबणारा वास म्हणजे भाजी जास्त, पाला वाढवा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही, फावड्याने उलथा. टाकीचं बूड जमिनीपासून चार इंच वर हवं. बहुतेक ठिकाणी ते सरळ लादीवर टेकलेलं असतं. आणि त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असणार. त्यांचं कचरा फस्त करायचं काम चालू होतं, तुम्ही फिनेल ओतलं असेल.

मांदेली

एवढं सगळं लिहिलंत, पण मुख्य प्रश्नाला शिताफीने बगल दिलीत. खताच्या टाकीत मासळी चालते का? एकूण एक सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘ओला कचरा: भाज्यांची देठं, फळांची सालं, चहापत्ती’. सोललेल्या कोळंबीची सालं आणि पापलेटचा काटा हा काय सुका कचरा आहे?

कोथिंबीर

टाकीत मासळी गेली की उंदीर, मांजरं, कावळे. हा चवीचा प्रश्न नाही, स्वच्छतेचा आहे. सगळ्यांच्या आवारात सगळ्यांना चालेल तेच टाकावं.

मांदेली

उंदीर कालच्या चपातीवर आणि भातावर जास्त येतात. त्याची बंदी फलकावर का नाही दिसत? ‘सगळ्यांना चालेल’ म्हणजे नेमकं कुणाला, तेही लिहा एकदा. कोळीवाड्यांच्या या मुंबईत बोंबलाला आवाराबाहेर काढताय आणि वर स्वच्छतेचं नाव.

कोथिंबीर

लगेच कोळीवाडे! मी उंदरांबद्दल बोलले. तुम्हाला भांडायचंच असेल तर वेगळा धागा काढा.

खोडकिडा

हा धागा झाडांचा होता, एवढीच आठवण करून देतो.

शेणामाती

दोघींनी जरा इनो घ्या. मासळी चालते. कोळंबीच्या सालीत चुना असतो, खताला चांगलंच. अट एकच: वर टाकायची नाही. ढीग मधोमध उकरून, गरम भागात घालून, वर हातभर पाला-खताचा थर. ढीग ५५ अंशाच्या वर तापलेला हवा. थंड ढिगात मासळीही नको आणि चपातीही नको. चारी बाजूंनी आणि खालून अर्ध्या इंचाच्या आतली जाळी, झाकणाला कडी. उंदीर खालून येतो हे लोक विसरतात. तेव्हा कोथिंबीरताई, जाळी नसेल तर तुमचं बरोबर. जाळी असेल तर मांदेलीताईंचं.

कोथिंबीर

आमच्याकडे जाळी नाही. म्हणजे माझं बरोबर. धन्यवाद.

गच्चीमाळी

जाळी मारायला रविवारचे दोन तास पुरतात बरं. हलकेच घ्या.

बी_विंग_सेक्रेटरी

बरणीचा प्रयोग केला. उघडली. काही बोलत नाही.

खोडकिडा, तुमच्या समाधानासाठी: ५ जूनला बॅनर लागेल, साहेब येतील, एक रोप लावतील. त्याला रोज बादलीभर पाणी वॉचमन घालेल. बाकीची ६०, पाचशे नव्हे, दोन चांगले पाऊस झाल्यावर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. करंज, बकुळ, ताम्हण. माणसं तेव्हा कमी येतील, पोहे वाचतील. बॅनरवरचा ५०० मात्र काढणार नाही, तो छापून झालाय.

खोडकिडा

६०चे आठवड्याला १,८०० लिटर. टँकरही नको, पावसाच्या टाकीतून भागेल. बॅनरवर ५०० असू दे, कोण मोजतंय. दोन बाजूंना बांबू लावा, सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यात बांधा, तार नको. आणि रोपाभोवतीची लोखंडी जाळी खोडात रुतायच्या आत काढायची तारीख आत्ताच वहीत लिहा.

मांदेली

कोळंबीची डोकीपण चालतात ना? सालंच म्हणालात.

शेणामाती

चालतात. हातभर खाली.