सरकार बसेपर्यंत थांबायचं कशाला?

दादा, तुम्ही म्हणताय नवीन सरकार जरा बसू दे मग शाळांच्या निधीचं निवेदन देऊ, पण तोवर उशीर होतोय बघा. मार्चच्या बजेटचे आकडे खात्यात त्याच्या कितीतरी आधी तयार होतात, आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या (म्हणजे वर्षाच्या मधेच जादा खर्चाची मागणी) येतात तीच पहिली संधी. 2022 ला सरकार बदललं तेव्हा आधीच्या मंजूर कामांना स्थगित्या आलेल्या, आठवतंय ना? म्हणून आपल्या शाळेची खोली मंजूर असली तरी परत पाठपुरावा करायचाच. जिल्ह्याच्या निधीचा आराखडा करणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो, तो ठरेपर्यंत आमदारांना आणि झेडपीच्या शिक्षणाधिकाऱ्यांना गाठा. आणि निवेदन म्हणजे 'शिक्षणाकडे लक्ष द्यावे' असलं गुळमुळीत नको, त्याला कोण विचारतंय. शाळेचा यूडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा कोड), पट, निर्लेखन झालेल्या म्हणजे वापरायला बाद ठरवलेल्या खोल्यांचा कागद, गळक्या छताचे फोटो, एस्टिमेट, सगळं एका पानामागं जोडा आणि पोच घ्या, शिक्का मारून. देशाच्या उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च शिक्षणावर हे कोठारी शिक्षण आयोगानं 1966 ला सांगितलं, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातपण तेच, मधे सरकारं किती आली गेली. आमच्याकडं शाहू महाराजांनी 1917 ला सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, त्याची भाषणं जयंतीला सगळ्याच पक्षांची असतात, तिथंच स्टेजखाली फाईल हातात द्या की.