पाच हजारांत घरी सुरी करायची आहे, आधी काय घेऊ?

धायरीकर:
नमस्कार मंडळी. आईची भाजीची लोखंडी सुरी झिजून झिजून बोटभर रुंद उरलीय. त्या जागी मी स्टीलच्या दोन सुऱ्या आणल्या, पण चार दिवसांत त्यांची धार गेली आणि आई पुन्हा जुन्या सुरीवर आली. तेव्हा मनात घेतलंय की तिच्यासाठी एक स्वतः करायची. पातं ५ इंच, मूठ लाकडाची. हाताशी ५,००० रुपये आहेत. पुण्यात फ्लॅट चौथ्या मजल्यावर, त्याला एक बाल्कनी. घरात ड्रिल मशीन आणि केक करायचा ओटीजी आहे. व्हिडिओत जो तो बेल्ट ग्राइंडर वापरतो, तो मला झेपणारा नाही. मग चार इंची अँगल ग्राइंडर घेऊ का? आणि पोलाद म्हणून भंगारातला कमानपाटा (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) चालेल का?

जुना फिटर:
टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली, म्हणून हक्काने सांगतो: ग्राइंडर घेऊ नका. बाल्कनीतून ठिणग्या खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातील, आवाजाने सोसायटी गोळा होईल, आणि हात एकदा घसरला की पात्यात जी खाच पडते ती भरून येत नाही. कानशीने चूक झाली तरी ती केसाएवढी असते, पुढच्या चार हातांत निघून जाते.

पैसे व्हाइसमध्ये, म्हणजे काम घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात घाला. चार इंची, जबड्यात खुळखुळ नसलेला. हातात घ्या, जबडा अर्धा उघडा आणि हलवून बघा. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, जुना पण घट्ट व्हाइस तिथे नव्याच्या निम्म्या भावात मिळू शकतो. कानशी मात्र नव्याच घ्या, बोहरी आळीत: दहा इंची चपटी बास्टर्ड (भरड दातांची), आठ इंची स्मूथ (बारीक दातांची) आणि मुठीच्या वळणांसाठी एक अर्धगोल. त्यांना लाकडी मुठी बसवा, उघड्या शेपटीने काम केलं तर ती तळहातात घुसते. हॅक्सॉला (लोखंड कापायच्या करवतीला) इंचाला २४ दातांची ब्लेड, एक सेंटर पंच, डोळ्यांना गॉगल. बस्स.

पोलाद ओएचएनएस (तेलात बुडवून कडक होणारं टूल स्टील) घ्या, ३ मिमी जाडीची पट्टी. टूल स्टीलच्या दुकानात या नावानेच मागा. ते नरम अवस्थेत येतं, त्यामुळे कानस छान चालते. भोसरीत हीट ट्रीटमेंटवाले, म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करणारे (यालाच पाणी देणं म्हणतात) पुष्कळ आहेत. एका पात्यासाठी कोणी भट्टी लावणार नाही, पण दुसऱ्याच्या लॉटबरोबर टाकतील. चिठ्ठीवर लिहून द्या: ओएचएनएस, ५९ ते ६० एचआरसी (हे कडकपणाचं माप). मूठ बसवायची पट्टीतली भोकं त्याआधीच पाडा. नंतर ड्रिल जळेल, भोक पडणार नाही.

आता एक गोष्ट नीट वाचा, सगळी सुरी त्यावर उभी आहे. धारेच्या कडेला मार्करने काळं करा. सपाट काचेवर पट्टी आडवी ठेवा आणि शेजारी ३ मिमीचा ड्रिल बिट आडवा ठेवा. बिटचं टोक बरोबर १.५ मिमी उंचीवर येतं. ते कडेवरून ओढा, पट्टी उलटी करा, पुन्हा ओढा. रेघ एकच आली तर मध्य मिळाला. जवळजवळ दोन आल्या तरी त्यांच्या मधोमध काम करा. दोन्ही बाजूंचे उतार या रेघेकडे न्यायचे, पण रेघेपर्यंत नाही. भट्टीत जाताना कड अर्धा मिमी जाड राहिली पाहिजे, नाहीतर पाणी देताना पातं वाकतं किंवा चिरतं.

घासताना पातं व्हाइसमध्ये धरू नका. व्हाइसमध्ये फळी धरा आणि मुठीच्या भोकांतून स्क्रू घालून पातं तिच्यावर बसवा. कानशीला खडू चोळा, म्हणजे दातांत कीस अडकत नाही. पुढे जाताना दाब, मागे येताना उचलायची. माझ्या पहिल्या सुरीचे दोन्ही उतार काढायला सहा तास लागले होते.

भाता-ऐरण:
आमचं घर लोहारकाम करणारं. फिटरकाकांचं बरोबर आहे. कमानपाटा वाईट नाही, कोयते-विळे आम्ही त्याचेच करतो. पण तो आठ-दहा मिमी जाड असतो, भाता आणि ऐरण असल्याशिवाय भाजीच्या सुरीइतका पातळ करता येत नाही. बाल्कनीत तर नाहीच. आणि भंगारातली कुठलीही पट्टी उचलू नका. एमएसला (माइल्ड स्टील, साधं नरम लोखंड) कितीही पाणी द्या, ते कडक होत नाही. मी एकदा अशाच पट्टीवर दोन दिवस घालवले आणि शेवटी तिच्यावर कानस लोण्यासारखी चालली. पाणी बसलेल्या पात्यावरून कानस घसरते, हीच परीक्षा.

भोसरीला जायचं नसेल तर गावाकडच्या लोहाराकडे जा, पण संध्याकाळी. उन्हात लाली कळत नाही. तापलेल्या पात्याला लोहचुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडी लाली चढू द्या आणि कोमट गोड्या तेलात सरळ बुडवा. हे पोलाद पाण्यात बुडवायचं नाही, तडकतं. घरी आल्यावर लगेच ओटीजीत २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. घासून चकाकवलेल्या जागेवर वाळल्या गवताचा रंग आला की झालं. ओटीजीच्या बटणावर भिस्त ठेवू नका, आत थर्मामीटर ठेवा.

धायरीकर:
ग्राइंडर रद्द. रविवारी जुन्या बाजारात जातो, पट्टी आणि कानशी सोमवारी. भोसरीचाच रस्ता धरतो. मुठीला जुन्या दाराचा सागवान आहे, पाच मिमीची पितळी सळई आणि अराल्डाइट. धार किती अंशांची ठेवू? आणि गंजाचं काय?

जुना फिटर:
दर बाजूला १५ अंश. गंज धरणारच, लिंबू-टोमॅटोने डागही पडतील. चिरून झालं की लगेच धुऊन कोरडी पुसायची, आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचं बोट. आईला हे नवीन नाही. पट्टी कापण्याआधी पुठ्ठ्याची सुरी कापून त्यांच्या हातात द्या आणि त्यांना कांदा चिरल्यासारखं करायला सांगा.

धायरीकर:
आत्ताच दिली. तिचा अंगठा मुठीवर राहत नाही, पात्याच्या पाठीवर जातो. जुन्या सुरीची पाठही नेमकी तिथेच गोल झिजलीय. म्हणजे पाठीची कड तेवढी दोन इंच कानशीने मारून गुळगुळीत करायची.