मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या भाचीसाठी खेळकर चित्रपुस्तक

नमस्कार मंडळी,

भाचीसाठी चित्रपुस्तक शोधतोय. पुस्तक हातात आलं की ती पानं भराभर उलटते, पण एखाद्या चित्रात गंमत सापडली की तिथून हलत नाही. परवा एका चित्रात कपाटाखालून मांजराची नुसती शेपटी बाहेर आलेली होती. मजकुरात मांजराचा पत्ताच नव्हता. हिने ती बरोबर हेरली आणि पुढे प्रत्येक पानावर "शेपूट कुठाय?" सुरू! अशीच पुस्तकं हवी आहेत, जिथे तिला स्वतःला काहीतरी सापडेल.

प्राणी, फळं, वाहनं अशी नावं शिकवणारी पुस्तकं भरपूर झाली आहेत. बटण दाबलं की गाणं वाजवणारी नकोत आणि शेवटी तात्पर्य सांगणारी तर अजिबातच नकोत. मजकूर पानाला एक-दोन ओळी पुरे, पण मोठ्याने वाचायला मजा यायला हवी, कारण तेच पुस्तक रोज वाचावं लागणार. आणि उघडायच्या झडपा या वयात टिकतात का?

प्रतिसाद

तुम्ही म्हणताय तसं अगदी नमुनेदार पुस्तक म्हणजे पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' (१९६८). अख्ख्या पुस्तकात इंग्रजी शब्द फक्त ३२. कोंबडी फेरफटका मारून घरी येते, एवढंच लिहिलंय. तिच्या मागावर असलेला कोल्हा फक्त चित्रांत आहे! वाचणारा कोल्ह्याबद्दल अवाक्षर काढत नाही, म्हणून मुलंच ओरडून सांगतात. गोष्ट तुम्ही खुशाल मराठीत सांगा.

झडपा पातळ कागदाच्या असतील तर फाटणारच. जाड पुठ्ठ्याच्या आणि बोट घालायला खाच असलेल्या घ्या. घडीवर आधीच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलीत तर बऱ्याच तग धरतात. कोपरे गोल आहेत ना, तेही बघा.

घेण्याआधी मजकूर हाताने झाकून नुसती चित्रं पाहा. गोष्ट कळली, आणि पुन्हा उलटताना काही नवं दिसलं, तर बिनधास्त घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार! कोल्ह्याचं तिला नक्की आवडेल. मूळ मराठीतलं, यमकातलं असं काही कुणाला माहीत असेल तर तेही जरूर सुचवा.