रेगेन्सबर्गची मेरी
मेरीच्या (येशूच्या आईच्या) यात्रेची जुनी छापचित्रं म्हणजे निव्वळ भाबडी भक्ती, असं कुणी कुणी म्हणतं. मला नाही पटत. १५१९ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग शहरातून ज्यूंना हाकललं, त्यांचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) पाडलं. पाडकामात एक गवंडी कोसळून जबर जखमी झाला, पण लगेच हिंडूफिरू लागला. झालं, मेरीचा चमत्कार! तिथेच मेरीचं लाकडी चॅपल (छोटं प्रार्थनामंदिर) उभं राहिलं, यात्रेकरूंची रीघ लागली. ओस्टेनडोर्फर या चित्रकाराच्या साधारण १५२० च्या लाकडी ठशाच्या चित्रात खांबावरच्या मेरीच्या मूर्तीभोवती लोक चक्क जमिनीवर लोळताहेत, आणि मागे पाडलेल्या ज्यू वस्तीचे अवशेष. (ते दाखवायला चित्रकार विसरला नाही, हे विशेष.) प्रसिद्ध जर्मन चित्रकार ड्यूररने या चित्राच्या आपल्याकडच्या प्रतीवर १५२३ मध्ये लिहून ठेवलंय की हे (यात्रेचं) भूत पवित्र शास्त्राविरुद्ध उठलंय आणि बिशपने ऐहिक फायद्यासाठी ते चालू दिलंय.