मराठी सिनेमात फक्त मुलगेच मोठे होतात का?

रिकामटेकडी:
शिव्या बसणार हे गृहीत धरूनच लिहितेय. पौगंडावस्थेवरचे आपले गाजलेले सिनेमे आठवा. 'विहीर', 'शाळा', 'फँड्री', 'किल्ला'. चारही मला मनापासून आवडतात, तेव्हा "तुम्हाला सिनेमा कळत नाही" हे आधीच वजा करा. पण त्यांत मोठं कोण होतं? समीर, जोशी, जब्या, चिन्मय. मुली आहेत, पण त्या बघण्यापुरत्या. 'शाळा'तली शिरोडकर आपल्याला दिसते ती जोशीच्या नजरेतून, आणि 'फँड्री'तली शालू तर त्याहून लांब.

'बालक-पालक' (२०१३) मध्ये हे फारच उघड होतं. चाळीतल्या एका ताईबद्दल मोठी माणसं कुजबुजतात, ती चाळीतून जाते आणि तिने नेमकं केलं काय हे शोधायला पोरं निघतात. म्हणजे सगळा सिनेमा उभा आहे तो एका मुलीच्या वयात येण्यावर, आणि तीच सुरुवातीला पडद्यावरून गायब! पुढे हशा, व्हीसीआर, पिवळी पुस्तकं. ती कुठे गेली, तिचं काय झालं, हे विचारायची गरज सिनेमाला फारशी वाटत नाही. थिएटरात मीही हसले होते. पण आज बघताना मन त्या ताईपाशीच अडतं.

दुपारचा शो:
सपशेल असहमत. 'फँड्री'त शालू लांब आहे कारण ती लांबच असायला हवी. जब्या आणि तिच्यात जे अंतर आहे तेच त्या सिनेमाचं म्हणणं आहे. तिला दोन प्रसंग आणि चार गोड संवाद दिले असते तर ती एक साधी प्रेमकथा झाली असती. डुकरामागे धावणाऱ्या जब्याला बघून गाव हसतं तेव्हा त्यात तीही असते. तिथे पोटात जो खड्डा पडतो तो तिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसल्यामुळे पडतो. सगळ्या सिनेमांनी सगळ्यांना समान जागा द्यायची म्हटलं तर सिनेमा न होता सोसायटीची वार्षिक सभा होईल.

लिंबूटिंबू:
सोसायटीची सभा :) इथेच बसलोय, चालू द्या.

रिकामटेकडी:
@दुपारचा शो, शालूबद्दल मान्य. पण त्याच घरातली जब्याची बहीण घ्या. बाप डुकरं धरायला तयार होतो तो तिच्या लग्नाच्या पैशांसाठी. त्या दिवशी मैदानात तीही धावतेय, गावासमोर. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि हातात आलेलं डुक्कर निसटतं. तो प्रसंग बघताना आपण जब्याचा चेहरा बघतो. भिंतीआड लपायची सोय त्याला होती. बहिणीला तीही नव्हती. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी चूक केली असं मी म्हणत नाहीये. त्याच मैदानात दुसरा एक सिनेमा उभा होता आणि तो अजून कोणी काढलेला नाही, एवढंच म्हणणं आहे.

घाटावरचा:
'सैराट'मधल्या आर्चीला विसरलात की काय? अख्ख्या महाराष्ट्राने बघितलेली पोरगी. ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, आवडलेल्या पोराच्या डोळ्याला डोळा भिडवते. आणि खरी मोठी होते ती मध्यंतरानंतर. हैदराबादच्या वस्तीत, पाटलाच्या वाड्यातलं सगळं सुटल्यावर. तिला भाषा येत नाही, स्वयंपाक येत नाही, घरची आठवण गिळवत नाही. परश्या दोन्ही अर्ध्यांत साधारण तोच राहतो. मुलीचं मोठं होणं याहून वेगळं काय असतं?

रिकामटेकडी:
आर्ची मला सगळ्यांत जवळची, पण ती मोठी होते ती पळून गेल्यावर आणि संसारात. मुलीला मोठं व्हायला आधी पळून जावं लागतं आणि मग मरावं लागतं, यात तुम्हाला काही खटकत नाही? जोशी काय, नववीतून दहावीत जातो. चिन्मय आईच्या बदलीबरोबर गाव सोडतो. मुलांना असं साधं, जिवानिशी न संपणारं दुःख मिळतं. तेवढंच मुलींनाही मिळावं.

अनवट:
रिकामटेकडीशी सहमत, पण दिग्दर्शकांवर सगळं ढकलणं पटत नाही. या सिनेमांतली पोरं काय करत असतात ते बघा. 'शाळा'त बांधकाम चाललेल्या इमारतीत चौघं टाइमपास करत बसतात. 'किल्ला'त सायकली दामटत किल्ल्यावर जातात. 'विहीर'मध्ये पोहणं, रानात भटकणं. म्हणजे हे सिनेमे घराबाहेर घडतात. आमचं मोठं होणं कुठे घडलं? नववीत माझी सायकल बंद झाली. कारण कोणी सांगितलं नाही, चाकातली हवा भरून मिळेना, एवढंच. ड्रेसवर ओढणी आली. क्लास सातला सुटायचा आणि कोपऱ्यावर बाबा उभे. घरी आजीचं चार दिवस "शिवू नकोस", लोणच्याच्या बरणीपासून लांब. आता यात समुद्र नाही, डोंगर नाही, पाऊस नाही. कॅमेरामनला टिपायला आहे काय? स्वयंपाकघराच्या दारापाशी घातलेली सतरंजी.

दुपारचा शो:
यावर तर उत्तम सिनेमा होईल! पण तो काढला नाही म्हणून आहेत त्या सिनेमांना आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करायचं? अविनाश अरुण यांनी 'किल्ला' स्वतःच चित्रित केला, स्वतःच दिग्दर्शित केला. त्यातला पाऊस बघताना अंगावरचे कपडे ओले वाटतात. माणूस जे जगलेला असतो तेच काढणार. बाईचं काढायला बाई दिग्दर्शक हव्यात, हा खरा मुद्दा आहे.

लिंबूटिंबू:
आता मध्ये तोंड घालतोच. 'किल्ला'त खरी मोठी होते ती आई. नवरा गेलेला, बदलीचं अनोळखी गाव, सरकारी ऑफिसातले दबाव, आणि घरी आल्यावर अबोल पोरगा. अमृता सुभाषने ती बाई काय उभी केलीय! किल्ल्यात मित्र एकट्याला टाकून जातात तेव्हा चिन्मयला जे कळतं, ते आईला ऑफिसात रोज कळत असतं. वयात येणं म्हणजे तेरा ते सोळा एवढंच कशाला धरायचं? आमच्याकडे पस्तिशीतही माणसं येत असतात. काही तर अजून यायची आहेत.

अनवट:
वा, हे आवडलं. त्या आईवर स्वतंत्र धागा काढा. बाकी, 'स्थळ' कोणी पाहिला का? जयंत सोमलकरांचा, मार्च २०२५ मध्ये लागला होता. पुरुष दिग्दर्शकच आहेत, @दुपारचा शो. विदर्भातलं खेडं, शिकणारी सविता, तिला स्पर्धा परीक्षा द्यायचीय आणि घरी एकामागून एक पाहुणे तिला बघायला येतायत. नाव, शिक्षण, उंची, छंद. तेच प्रश्न, त्याच क्रमाने. तिसऱ्यांदा ऐकताना आपल्यालाच उठून जावंसं वाटतं. सुरुवातीला तिचं स्वप्न आहे, त्यात पोरगा समोर बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. थिएटरात त्यावर हसू येतं आणि मग तेच सगळं उलटं सुरू झालं की हसू विरतं. सगळा सिनेमा घरात, अंगणात, कापसाच्या शेतात आणि कॉलेजात. म्हणजे मगाशी मी विचारलेल्या "टिपायला आहे काय" याचं उत्तर त्यांनी दिलंय.

दुपारचा शो:
पाहिलाय. चांगला आहे. पण तो लग्नाच्या बाजारावरचा सिनेमा आहे, वयात येण्यावरचा नाही. दोन्हींची गल्लत नको.

रिकामटेकडी:
गल्लत आम्ही नाही केली हो, घरच्यांनी केली. पोरगी वयात आली याचा आमच्या घरात अर्थच "आता बघायला हवं" असा होता. जोशीला शिरोडकरवर जीव लावायला एक अख्खं वर्ष मिळतं. सविताला स्वतःचं काही सुरू करायला दोन पाहुण्यांच्या मधले दिवस.

घाटावरचा:
शेवटी प्रश्न पैशाचा. असले सिनेमे लागतात सकाळी साडेनऊच्या एका शोला, पुढच्या शुक्रवारी उतरतात. सायकल बंद झालेल्या पोरीचा सिनेमा तिकीट काढून बघणार कोण? निर्माता कशाला हात घालेल?

रिकामटेकडी:
@घाटावरचा, तुम्हीच वर आर्चीचं नाव घेतलंत म्हणून विचारते. 'सैराट' तुम्ही थिएटरात पाहिला असणार. ती ट्रॅक्टर घेऊन येते तेव्हा तुमच्या गावात शिट्ट्या कोणासाठी वाजल्या होत्या? परश्यासाठी?

घाटावरचा:
आर्चीसाठीच. पण तिला अजय-अतुल होते. तुमच्या सतरंजीवालीला कोण देणार?