खांदेरीसाठी गुराब बांधतोय, पण डेकवर माणसं मावेनात

चादरवाला_सोलापूर:
मंडळी, १८ ऑक्टोबर १६७९ ची, मुंबईजवळच्या खांदेरी बेटाची मराठे-इंग्रज लढाई टेबलावरच्या खेळात मांडायची आहे, २८ मिमी उंचीच्या छोट्या सैनिकांवर. शिवाजी महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान, त्याची गलबतं छोटी, ती जमली. अडलंय इंग्रजांच्या 'डव्ह'वर. ती गुराबच (दोन-तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज) होती आणि त्या दिवशी आपल्या हाती लागली, म्हणजे तिच्यावर चढाई होणारच.

१:६० चं माप धरलं. २४ मीटरची गुराब समजून लांबी ४० सेंमी, रुंदी १० आली. कागदावर झकास. पण दोन्ही कडांना तोफा मांडल्या की मधे २५ मिमीच्या चकतीवरची दोनच माणसं शेजारी उभी राहतात, तिसरा समुद्रात. वर डोलकाठ्या. परवा भाच्यानं सैनिक उचलताना मधली काठीच मोडली.

पहिला सांगाडा तर मेमध्येच गेला. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला फेव्हिकॉल फासून गच्चीवर वाळत टाकला. संध्याकाळी बघतो तर केळं! (आमचा मे माहीतच आहे तुम्हाला.)

दोर मात्र फर्स्टक्लास झालेत. घरच्या मागाचं सूत, जाड दोराला तीन पदर पीळ देऊन, बारीकला एकेरी. मेणबत्तीवरून दोनदा ओढलं की लव बसते.

नाळेवरचा_तांडेल:
माप सोड, रुंदी १४ सेंमी कर. टेबलावर कुणी फूटपट्टी लावत नाही, बोटं अडकली की मात्र शिव्या देतात. पाण्याखालचा भाग करूच नको, बूड सपाट ठेव.

डोलकाठ्या दोनच लाव, दोन काठ्यांच्याही गुराबी असत. डेकमध्ये रिकाम्या रिफिलची नळी पुर, त्यात काठी बसव, चढाई सुरू झाली की उपसून बाजूला ठेव. म्हणून दोर डेकला बांधायचे नाहीत, काठीलाच गुंडाळायचे. तुझ्या सुताचं वाईट वाटेल, पण इलाज नाही.

नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, विसरू नको. गुराबीची नाळ लांब आणि बुटकी, लाट वर आली की तिथूनच ओघळून जायची. तिच्यामागच्या आडव्या भिंतीत दोन झरोके, त्यातून दोन तोफा थेट पुढे. खेळात याची गंमत आहे: पाठलाग करताना जहाज न वळवता मारा करता येतो.

रंगकाम_रात्री:
त्रिमितीय छपाईच्या नादाला लागाल तर ऐका. पीएलए, म्हणजे छपाईचं प्लास्टिक, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मी छापलेलं जहाज गाडीत मागच्या काचेखाली ठेवून जेवायला गेलो. आल्यावर डेकवर झोका बांधल्यासारखा झोळ. आणि थर्माकोलवर डबीतला स्प्रे थेट मारू नका, खाऊन टाकतो. आधी पाण्यातल्या रंगाचे दोन हात.

चादरवाला_सोलापूर:
तांडेलभाऊ, सांगाडा उभा मधोमध चिरला आणि चार सेंमीची पट्टी घातली. आता तोफा सोडून चौघं उभे राहतात. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी फेव्हिकॉल लावून पाट्याखाली दाबून ठेवलाय, घरात, पंख्याखाली.

शिडं जुन्या धोतराची केली, चहात बुडवून. आईनं धोतर ओळखलं. आजोबांचं, पंढरीला नेसून जायचे ते. म्हणाली, "इंग्रजाच्या जहाजाला लावतोस व्हय रे?" म्हणून निशाणाची काठीपण रिफिलमध्येच बसवलीय. तिसऱ्या डावात भगवं लावतो म्हटलं, तेव्हा कुठं कात्री परत मिळाली.